कुत्ना होराला टूरने जावं की आपलं आपण, आणि खाणीत उतरावं का?

प्रश्न थोडक्यात असा होता, की प्रागमधे तीन दिवस आहेत, त्यातला एक दिवस जवळच्या कुत्ना होरा या जुन्या चांदीच्या खाणींच्या गावाला द्यायचाय, सोबत आईबाबा (दोघं सत्तरीच्या आसपास) आणि दहा वर्षांचा मुलगा, प्रागहून निघणारी गाईडेड टूर घ्यावी की ट्रेनने आपलं आपण जावं, तिथलं हाडांचं चर्च (अस्थिगृह, आत माणसांच्या हाडांची सजावट आहे) आईला झेपेल का, आणि व्हेज खायला काही मिळतं का.

मी इथे प्रागमधे राहून मराठी ग्रुप फिरवतो, बरीच वर्षं झाली, त्यामुळे या गावाला किती वेळा गेलोय ते मोजणं केव्हाच सोडलंय. तर आधी सरळ उत्तर देतो आणि मग कारणं. टूर घ्या, पण फक्त तीच घ्या ज्यात चांदीची खाण आहे. खाण नसेल तर टूरचे पैसे घालवू नका, ट्रेनने जा. बस, एवढंच विचारायचं बुकिंग करताना, बाकी गाईड कुठला, बस कुठली, पाण्याची बाटली फुकट का, हे सगळं नंतर.

असं का म्हणतो ते सांगतो. प्रागमधे जिथे तिथे जे बोर्ड दिसतात त्यावर कवटीचा फोटो असतो. विकलं जातं ते हाडांचं चर्च. टूर साधारण पाच-सहा तासांची, त्यातले अडीच तास जाण्यायेण्यात गेले, अर्धा तास अस्थिगृह, मग बस तुम्हाला वर गावात सोडते, सेंट बार्बरा चर्च बाहेरून-आतून, एक जेवण, दहा मिनिटं फ्री टाइम म्हणजे फ्रीज मॅग्नेट, आणि परत. लोक खूष होऊन येतात, मी नाही म्हणत नाही. पण संध्याकाळी हॉटेलवर विचारलं की अहो, एवढ्याशा गावात एवढं मोठं चर्च कशाला बांधलं असेल, तर कोणाला सांगता येत नाही. कारण त्याचं उत्तर जमिनीखाली आहे आणि तिकडे त्यांना नेलेलंच नसतं.

गावाचं नावच बघा ना. आपले लोक कुटना होरा म्हणतात, चेक माणूस 'त' म्हणतो, कुत्ना होरा. होरा म्हणजे डोंगर आणि कुत्ना म्हणजे साधूची कफनी. दंतकथा अशी, की शेजारच्या सेडलेत्सच्या मठातला अँतोनिन नावाचा साधू द्राक्षमळ्यात झोपला होता, जाग आली तर जमिनीतून चांदीचे तीन कोंब वर आलेले, जागा विसरू नये म्हणून त्याने अंगातली कफनी काढून तिथे टाकली आणि मठाकडे पळाला. म्हणून कफनीचा डोंगर. काही अभ्यासक म्हणतात हे सगळं नंतर रचलेलं, खणणे या अर्थाच्या जुन्या जर्मन शब्दावरून नाव आलंय. असेल बाबा. पण ग्रुपला मी कफनीचीच गोष्ट सांगतो, आपल्याकडे कफनी म्हटल्यावर वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

मठ 1142 चा, सिस्टर्शियन या ख्रिस्ती पंथाच्या साधूंचा. चांदी सापडली ती तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात, आणि मग जे झालं त्याला झुंबड हाच शब्द. सगळीकडून लोक आले, त्यात जर्मन बोलणारे खाणकामगार भरपूर, राहायला झोपड्या, दोन घरांच्या मधे खड्डा, त्यात शिडी. म्हणजे गाव वसलं आणि मग खाण सुरू झाली असं नाही, खाणीच्या तोंडाशी तोंडाशी गाव वाढलं, म्हणून आजही गल्ल्या इतक्या वेड्यावाकड्या आहेत की गुगल मॅप पण दोन मिनिटं विचार करतं. बघता बघता प्रागनंतर बोहेमियातलं, म्हणजे तेव्हाच्या चेक राज्यातलं, दुसऱ्या नंबरचं शहर हे झालं.

राजा होता वाक्लाव दुसरा. हुशार माणूस. त्याने 1300 साली एकाच दमात दोन गोष्टी केल्या. एक म्हणजे खाणींसाठी अख्खा कायदा लिहून काढला, कोणी कुठे खणायचं, कोणाचा किती हिस्सा, कामगारांचं काय, राजाचं काय (राजाचा वाटा, उरबुरा म्हणायचे त्याला, साधारण आठवा हिस्सा). आणि दुसरं, फ्लोरेन्सहून जाणकार बोलावून इथेच टांकसाळ बसवली आणि प्राग ग्रोशन नावाचं चांदीचं नाणं पाडायला लागला. ती इमारत म्हणजे आजचा व्लाश्स्की द्वूर, अर्थ इटालियन वाडा, ते इटलीचे लोक आले म्हणून. एका बाजूला मुकुट, दुसऱ्या बाजूला दोन शेपट्यांचा सिंह. सुरुवातीला वजन पावणेचार ग्रॅमच्या आसपास आणि चांदी जवळजवळ चोख, मग एकेका राजाला पैशाची गरज लागत गेली तशी चांदी कमी होत गेली, ते काय सगळीकडेच होतं. हिशोब साठ-साठच्या गठ्ठ्यात, त्याला ते कोपा म्हणायचे. आपल्या जुन्या लोकांना मी सांगतो, कोडी वीसाची ना, मग तीन कोड्या म्हणजे एक कोपा, की आजोबा लोकांच्या चेहऱ्यावर लगेच लाईट लागतो. 1547 पर्यंत हे नाणं पाडलं जात होतं, जवळजवळ अडीचशे वर्षं.

व्लाश्स्की द्वूरमधे तिथलाच गाईड असतो, नाणं कसं पाडायचे ते दाखवतात. चांदीची चकती खालच्या छाप्यावर, वर दुसरा छापा हातात धरलेला, आणि त्यावर घण. दिवसभर हेच. कारागीर बहिरे व्हायचे म्हणतात आणि ते ऐकून प्रत्येक ग्रुपमधली एक तरी बाई नवऱ्याकडे बघते, हे मी शपथेवर सांगतो. तुमच्या मुलाला हा भाग आवडेल. वर शाही चॅपेल आहे, त्यातलं रंगकाम विसाव्या शतकाच्या सुरुवातीचं, सुंदर आहे, पण घाई असेल तर पाच मिनिटं पुरे.

आता खाण. ही खरी गोष्ट.

ह्रादेक नावाची एक जुनी गढीवजा इमारत आहे, त्यात चेक चांदी संग्रहालय. तिथे दोन वेगवेगळ्या फेऱ्या असतात, पहिलीत फक्त वरचं म्युझियम, दुसरीत म्युझियमचा भाग आणि खाण. दुसरीच घ्यायची, साधारण दीड तास लागतो. आधी तुम्हाला मागच्या आवारात एक अजस्र लाकडी यंत्र दाखवतात, मधे उभा खांब, त्याला आडवे दांडे, दांड्यांना घोडे जुंपायचे आणि ते गोल गोल फिरायचे, खालून दोरावर माल वर. आपला तेलाचा घाणा डोळ्यासमोर आणा आणि तो दुमजली घराएवढा करा. मग तुम्हाला पांढरा कोट, हेल्मेट आणि हातात एक दिवा देतात. सगळ्यांचे फोटो इथे होतात, होऊ द्या, पाच मिनिटं जातात.

पांढरा कोट उगीच नाही. खाणकामगारांचा पोशाखच पांढऱ्या जाड कापडाचा अंगरखा आणि टोपी. गाईड सांगतात की अंधारात कोणी पडला, हरवला तर दिसावा म्हणून. रंगवायचा खर्च कोण करणार हेही कारण असेलच, मला तर तेच जास्त पटतं. आणि मागच्या बाजूला, म्हणजे बसायच्या जागी, चामड्याचा तुकडा बांधलेला. उतारावरून घसरत जायचं ना, त्यासाठी. मुलांना हे सांगितलं की घसरगुंडी एवढंच ऐकू येतं.

मग पायऱ्या. दीडशेच्या वर आहेत, उतरून तुम्ही जमिनीखाली तीस-पस्तीस मीटरवर पोचता, म्हणजे दहा-अकरा मजली बिल्डिंगचा जिना समजा, लिफ्ट नाही. खाली जवळपास अडीचशे मीटर चालायचं. बारा डिग्रीच्या आसपास टेंपरेचर, बाहेर जुलैचा उकाडा असला तरी, त्यामुळे स्वेटर हवाच. वाट एका ठिकाणी जेमतेम 40 सेंटीमीटर रुंद आणि एका ठिकाणी उंची सव्वा मीटरच्या आत-बाहेर, तिथे वाकून जायचं आणि हेल्मेट दगडावर टक्क टक्क वाजत राहतं. भिंती ओल्या, पायाखाली पाणी. आणि हा सगळा बोगदा कशाने खणलाय तर हातोडा आणि दांडा लावलेल्या छिन्नीने. दोन हातोडे एकमेकांवर क्रॉस केलेली खाणीची खूण असते ना, नकाशावर वगैरे, त्यातला एक खरं तर हातोडा नसून ही छिन्नीच आहे. टोकं झिजायची म्हणून माणूस एका पाळीला बऱ्याच छिन्न्या घेऊन उतरायचा, वर लोहार बसलेलेच. खडक फारच कडक असेल तर आग पेटवून तापवायचा, मग तडकलेला फोडायचा, आणि तो धूर कुठे जाणार, तिथेच. दिव्यात चरबी नाहीतर तेल. भिंतीवर छिन्नीचे ओरखडे अजून जसेच्या तसे आहेत, बोट लावून बघा, एक ओरखडा म्हणजे एक घाव.

एका ठिकाणी गाईड सगळ्यांना दिवे बंद करायला सांगतात. काही सेकंद. मी एवढ्या वेळा गेलोय तरी त्या काळोखात मी नकळत शेजारच्याचा खांदा शोधतो. एकदा आमच्यातले एक काका, वरती बसमधे सारखे जोक मारणारे, खाली दिवे बंद झाल्यावर एकदम गप्प, आणि वर आल्यावर एवढंच म्हणाले, मी आयुष्यभर नोकरीबद्दल कुरकुर केली यार.

आणि हे लक्षात घ्या की आपण उतरतो तो वरचा वरचा भाग. इथली ओसेल म्हणजे गाढव नावाची खाण साधारण 500 मीटर खोल गेली होती, त्या काळात जगातल्या सगळ्यात खोल खाणींमधली एक. कुतुबमिनार 73 मीटरचा, असे जवळजवळ सात एकावर एक ठेवा आणि ते जमिनीत उलटे घाला. शिड्यांवरून रोज. पाणी हा मोठा शत्रू, जेवढं खाली जाल तेवढं उपसायचा खर्च जास्त, आणि सोळाव्या शतकात गाव उतरणीला लागलं त्यात याचाही हात आहे, वरची चांदी संपत आली, खालची परवडेना, आणि तोपर्यंत तिकडे याखिमोव्हला नवी चांदी सापडली होती. याखिमोव्हच्या नाण्याचं नाव थालर, त्यावरूनच पुढे डॉलर हा शब्द आला, हे मुलाला सांगा, शाळेत भाव खाईल.

गंमत म्हणजे गावकऱ्यांच्या पायाखालचं हे सगळं मधल्या काळात विसरलं गेलं होतं. आता आपण जिथे उतरतो ती खाण 1967 मधे पाण्याच्या तपासणीसाठी जमीन बघताना पुन्हा सापडली.

खाणीतून वर आल्यावर मग सेंट बार्बराला जा, आधी नाही. माझा हा क्रम ठरलेला आहे आणि यावर मी वाद घालत नाही. बार्बरा ही खाणकामगारांची संत. चर्चचं काम 1388 ला सुरू झालं, यान पार्लर हा पहिल्या स्थपतींपैकी, म्हणजे प्रागचं कॅथेड्रल आणि चार्ल्स ब्रिजवाल्या पीटर पार्लरचा मुलगा, मग युद्धं, मग पैसे संपले, मग माट्येई रेयसेक, मग बेनेडिक्ट रेयट, 1558 ला काम जे थांबलं ते थांबलंच आणि पूर्ण झालं ते 1905 ला. पाचशे वर्षं. वरून तीन तंबू ठोकल्यासारखं छप्पर. आत शिरलात की लोक आपोआप वर बघतात, रेयटने केलेलं छत बघण्यासारखं आहेच, पाकळ्या पाकळ्यांचं, पण तुम्ही खाली बघा. बाजूच्या चॅपेलमधे भिंतीवर पंधराव्या शतकातली चित्रं आहेत, त्यात संत-बिंत कमी आणि नाणी पाडणारे कारागीर, घण घेतलेले. आणि एका खांबाजवळ खाणकामगाराचा पुतळा, पांढरा अंगरखा, हातात दिवा. तासाभरापूर्वी तुम्हीही तोच अंगरखा घालून उभे होतात. खाणीत न जाता आलेले लोक त्याच्या समोरून निघून जातात, देवदूत वगैरे समजून. मी उभा राहून बघितलंय हे.

चर्चच्या बाहेर कठड्यावर पुतळ्यांची रांग आहे, जेझुइट या कॅथलिक साधूपंथाच्या कॉलेजची, थोडी चार्ल्स ब्रिजसारखी. त्या वाटेने खाली गावात या, खालच्या बाजूला द्राक्षमळे दिसतात. गावात सेंट जेम्स चर्चला एकच उंच मनोरा आहे, दुसरा अर्धवट, खाली जमीन पोकळ म्हणून वजन नको असं सांगतात. दगडी हौद आहे एक, 1495 चा, बारा कोनी, दिसायला एखादं छोटं देऊळ. तो का बांधला, तर खाणींनी विहिरीचं पाणी तोडलं, मग लांबून लाकडी पाइपने पाणी आणावं लागलं. चांदी भरपूर आणि प्यायला पाणी नाही. हे मात्र आपल्याला नवीन नाही.

आता आईंचा प्रश्न. अस्थिगृह सेडलेत्सला, म्हणजे मूळ गावापासून अडीच-तीन किलोमीटरवर, मठाच्या बाजूला. ते हाडांचं प्रदर्शन म्हणून बघितलं तर अंगावर येतं, गोष्ट कळली तर नाही येत. 1278 मधे मठाचा प्रमुख जेरुसलेमला गेला आणि येताना गोल्गोथाची, म्हणजे येशूला सुळावर दिलं तिथली मूठभर माती घेऊन आला, ती इथल्या दफनभूमीवर टाकली. झालं, लांबलांबचे लोक म्हणायला लागले मला तिथेच पुरा. आपल्याकडे काशीला जाऊन मरण यावं म्हणतात ना, तसंच. मग चौदाव्या शतकातल्या साथी आल्या, पंधराव्यात यान हुस या चेक धर्मसुधारकाच्या अनुयायांची, म्हणजे हुसपंथीयांची युद्धं आली (त्या युद्धात कॅथलिक खाणकामगारांनी शेकडो हुसपंथीयांना खाणीच्या खड्ड्यात ढकलून मारलं, आणि 1421 मधे हुसपंथीयांनी मठ जाळला, कोणी कमी नव्हतं). जागा पुरेना म्हणून जुनी हाडं काढून रचून ठेवली. चाळीस हजारांपासून सत्तर हजार माणसांपर्यंत आकडे सांगतात. आजचं हाडांचं झुंबर वगैरे 1870 चं, फ्रांतिशेक रिंट नावाच्या लाकूड-कारागिराने श्वार्झेनबर्ग या जमीनदार घराण्यासाठी केलेलं, त्याने सही पण हाडांनीच केलीय भिंतीवर.

माझ्या ग्रुपमधल्या आजी लोकांचे दोन प्रश्न ठरलेले. यांचं विसर्जन का नाही केलं, आणि बाहेर आल्यावर अंघोळ करावी लागते का. पहिल्याचं उत्तर मी वर दिलं तसं देतो, की यांच्या दृष्टीने ते तीर्थातच आहेत. दुसऱ्याचं उत्तर, आजी, हात-पाय धुवा, रात्री हॉटेलवर बघू. एक आजी आत रामरक्षा म्हणत फिरल्या, शांतपणे, आणि बाहेर येऊन म्हणाल्या बरं झालं आले. तुमच्या आईंना जायचं नसेल तर जबरदस्ती करू नका, पाच मिनिटांवर सेडलेत्सचं मोठं कॅथेड्रल आहे, सांतिनी नावाच्या स्थपतीने अठराव्या शतकाच्या सुरुवातीला पुन्हा उभं केलेलं, आतून पांढरं-पिवळं, प्रकाश भरपूर, बसायला बाक. दोन्हींचं तिकीट कॅथेड्रलजवळच्या माहिती केंद्रात मिळतं, अस्थिगृहाच्या दारात नाही, त्यामुळे आधी तिकडे जा नाहीतर उगाच हेलपाटा. आत फोटो काढायला बंदी आहे, 2020 पासून, आणि चांगलं झालं, लोक कवटीसोबत सेल्फी काढायचे हो.

आईबाबा आणि खाण याबद्दल स्पष्ट सांगतो. गुडघे, बीपी, दम, बंद जागेची भीती, यातलं एकही असेल तर नको. मधेच परत फिरायची सोय तुम्ही समजता तशी नसते, मागे-पुढे माणसं असतात आणि वाट एका माणसाची. त्या वेळात त्यांना व्लाश्स्की द्वूर दाखवा नाहीतर मैदानावरच्या कॅफेत बसवा. तुम्ही आणि मुलगा जा. मुलाच्या वयाची अट आणि इंग्रजी फेरीची वेळ बुक करताना विचारून घ्या, बुकिंग आधीच करा, एका वेळी थोडेच लोक सोडतात.

आणि सोमवारी जाऊ नका!! म्युझियम सोमवारी बंद, थंडीचे महिनेही बंद. सुरुवातीच्या काळात मी स्वतः बावीस माणसांचा ग्रुप सोमवारी घेऊन गेलो होतो, चूक माझीच, दारावरची पाटी वाचली आणि पोटात खड्डा पडला, मग पूर्ण दिवस तोंडानेच खाण खणली.

आपलं आपण जायचं असेल तर प्रागच्या मुख्य स्टेशनवरून ट्रेन, तासभर, काही गाड्या सरळ जातात काहींना कोलीनला बदलावी लागते. उतरायचं कुत्ना होरा मुख्य स्टेशनला, ते सेडलेत्सच्या बाजूला आहे, गावात नाही, तिथून दहा-पंधरा मिनिटं चालत अस्थिगृह, मग लोकल बसने वर गाव. एक छोटी लोकल गाडी पण जाते गावातल्या स्टेशनला, खेळण्यासारखी, मुलाला आवडेल. गावात सगळे दगडी रस्ते, चढ-उतार, बाबांना चपला नकोत, बूट घालायला सांगा. खाणीसकट टूर मिळाली तर ती पूर्ण दिवसाचीच असणार, आणि आईबाबांसोबत दारातून दारापर्यंत गाडी हा खरा फायदा आहे, तेवढ्यासाठी पैसे वसूल. सहा तासांत खाण, चर्च, अस्थिगृह, जेवण सगळं बसवतो असं कोणी म्हणालं तर तो जेवण खाणार तुमचं.

जेवणाचं म्हणाल तर व्हेज मिळतं पण कल्पना ताणू नका. 'बेझ मासा' म्हणजे मांस नको, हे पाठ करा (मासा म्हटल्यावर आपण फिश समजतो, इथे ते मांस). स्मझेनी सीर म्हणजे तळलेलं चीज, सगळीकडे मिळतं, पण वरच्या आवरणात आणि सोबतच्या टार्टर सॉसमधे अंडं असतं, आई अंडं खात नसतील तर नको. ब्राम्बोराक म्हणजे बटाट्याचं थालीपीठच जवळजवळ, त्यातही अंडं असू शकतं, विचारा. पिझ्झा सेफ. मी तरी सांगेन दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी घेऊन जा, सेंट बार्बराच्या बाजूच्या उतारावर बाक आहेत, दुपारी सावली येते तिथे, आणि समोर पूर्ण गाव दिसतं.